एकास सदतीस

मुंबई-पुणे रेल्वेनं जाणाऱ्या कुणालाही घाटाबद्दल विचारा, तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. कर्जतचा दिवाडकरांचा वडा, पावसाळ्यातले धबधबे आणि "अरे बोगद्यात होतो, म्हणून फोन कट झाला". या तिन्ही गोष्टींचं मूळ एकाच आकड्यात आहे असं माझं मत आहे. तो आकडा म्हणजे १:३७, एकास सदतीस. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. बोरघाटातल्या रेल्वेचा सगळ्यात तीव्र चढ हा एवढा आहे आणि गेली १६० वर्षं तो तेवढाच आहे. वाफेची इंजिनं आली आणि गेली, विजेची आली, मार्ग एकाचे तीन झाले, पण एकास सदतीस कायम. आमच्या धंद्यात याला 'लेगसी' म्हणतात. कुणीतरी फार पूर्वी एक निर्णय घेतलेला असतो आणि पुढच्या सगळ्यांना त्याच्याभोवतीच काम करावं लागतं.

गेले काही वीकांत मी या आकड्याच्या मागे लागलो होतो. जे सापडलं ते स्टेशनांच्या क्रमानं सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी खिडकीत बसलात तर जुळवून बघता येईल.

कर्जत. मुंबईहून १०० किलोमीटर, समुद्रसपाटीच्या जवळपासच. इथून लोणावळा फक्त २८ किलोमीटर, पण मध्ये सह्याद्री उभा. कर्जतला गाडी थांबते ती मागे बँकर लावायला. बँकर म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं. एवढी पुढची इंजिनं ताकदवान झाली, तरी ही भानगड कशाला? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला उतारावरच्या ठोकळ्याचं गणित सगळ्यांनीच सोडवलेलं असतं (आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर विसरलेलं असतं). तेच इथे लावू. गाडी १,२०० टनांची धरली तर एकास सदतीसच्या चढावर ती सुमारे ३२ टनांच्या जोरानं मागे खेचली जाते. वळणांचा विरोध आणि घर्षण वेगळंच. आता इंजिनाचं वजन साधारण १२० टन. ओल्या रुळावर लोखंडी चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास धरली तर हातात येतात २४ टन. म्हणजे मोटार कितीही मोठी बसवा, चाक जागच्या जागी फिरत राहणार.

बरं, जादा इंजिनं पुढेच का नाही जोडत? कारण मग सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि दुर्दैवानं मध्ये कुठे कपलिंग तुटलंच तर मागचे डबे घरंगळत कर्जतला परत जात नाहीत, बँकर त्यांना धरून ठेवतात. हे सगळं जोडायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात वडे खपतात. दिवाडकरांच्या वड्याचं श्रेय अर्थातच दिवाडकरांना, पण गाडी थांबण्याचं श्रेय एकास सदतीसला.

पळसदरी. कर्जत सुटलं की लगेच. इथे एक फाटा उजवीकडे खोपोलीला जातो. आज त्यावरून लोकल धावतात आणि आपल्याला वाटतं, असेल कुठलातरी लहानसा फाटा. पण १८५६ ते १८६३ या काळात मुंबईहून पुण्याकडे जाणारा हाच मुख्य रस्ता होता.

थोडं मागे जाऊ. बोरघाट ही कोकणातून देशावर जायची फार जुनी वाट. कार्ले-भाज्याची लेणी तिच्याच माथ्याजवळ आहेत आणि वाटेवर नजर ठेवायला राजमाची उभा आहे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात इथे बैलगाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. पण देशावरचा कापूस बंदरापर्यंत आणायला तो पुरेना. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेखेरीज दुसरा पुरवठा हवा होता. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा (जीआयपी) ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला, त्यात भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेला तोटा झाला तरी हमी पुरी करायची सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्याच शेतसाऱ्यातून. जोखीम आपली, व्याज त्यांचं! असो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या रेल्वेचं खरं काम तिथून पुढे होतं. मुंबईच्या पाठीमागे सह्याद्रीची भिंत. ती ओलांडल्याशिवाय ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटरला काहीच अर्थ नव्हता. म्हणून खालून रूळ खोपोलीपर्यंत नेले आणि वरून खंडाळा ते पुणे असा मार्ग १८५८ मध्ये सुरू केला. मधला घाट? तो पालखीनं, तट्टावर किंवा बैलगाडीनं चढायचा. खाली आगगाडी, वर आगगाडी आणि मध्ये पालखी. घाटाचं काम पूर्ण होईपर्यंत पाच वर्षं अशीच गेली.

पळसदरीनंतर जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ. यांना गावाची स्टेशनं म्हणणं जरा धाडसाचं, रेल्वेच्याच सोयीसाठी असलेले हे थांबे. आसपास ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, खाली उल्हास नदीची दरी आणि समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. पावसाळ्यात इथे प्रत्येक जण दारात उभा असतो. बोगद्यात शिट्ट्या, आरोळ्या, बाहेर आलं की कॅमेरे. मी पण त्यातलाच. आणि नेमक्या याच पट्ट्यात सगळ्यात जास्त माणसं मेली.

घाटाचा मार्ग आखला जेम्स जॉन बर्कली या इंजिनिअरनं. हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला, वयाच्या तिशीत जीआयपीचा मुख्य इंजिनिअर होऊन मुंबईत आला. त्यानं सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढायचं ठरवलं. २५ बोगदे, ८ मोठे पूल. बोगद्यांची एकूण लांबी साडेतीन किलोमीटरच्या वर. आजच्या हिशोबानं हे काहीच नाही, पण साल बघा. काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये. म्हणजे हा अख्खा घाट साध्या बंदुकीच्या दारूनं फोडलाय. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, त्यात पहार आणि घणानं हातानं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. जिथे उभं राहायला जागा नव्हती तिथे माणसांना कड्यावरून दोरानं खाली सोडत. लोंबकळत भोकं पाडायची, पहिली पाऊलभर जागा करायची, मग पुढचं काम. फुटलेला दगड पाट्यांमधून वाहायला बायका आणि पोरं. दगडकामात पिढ्यानपिढ्या असलेले वडार, बेलदार होते, तशीच शेतीची कामं संपल्यावर आलेली देशावरची, कोकणातली माणसंही होती.

१८६१ च्या सुमारास या घाटात एकाच वेळी ४२,००० माणसं कामावर होती. चाळीसेक हजारांचं शहर, डोंगराच्या उतारावर, झोपड्यांत. पाणी ओढ्याचं, संडास नाहीत. कॉलऱ्याच्या साथी आल्या, ताप आला, दरडी आल्या, सुरुंगांचे अपघात झाले. पावसाळ्याचे चार महिने काम जवळपास बंद पडे आणि माणसं गावी जात. पावसानंतर पुन्हा नव्यानं भरती. मेलेल्यांची संख्या हजारांत जाते. बोगद्यांची लांबी यार्डापर्यंत मोजून नोंदलेली आहे, पण दोराला लोंबकळणाऱ्या माणसांच्या नावांची यादी कुठे नाही.

मात्र ही माणसं मुकाट्यानं राबत होती असं समजू नका. घाटाचं पहिलं कंत्राट विल्यम फ्रेडरिक फॅविएलकडे होतं. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या जोडीतला हा एक, म्हणजे अनुभवी. पण घाट वेगळाच निघाला. फॅविएलच्या खाली उपकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सगळ्यात खाली मजूर. वरून निघालेला पैसा खाली पोचेपर्यंत उशीर होई आणि आटतही जाई. (ही साखळी ओळखीची वाटली तर तो योगायोग समजावा.) जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून घाटात दंगल झाली. थकलेले पैसे मागणारे मजूर गोऱ्या देखरेख्यांवर चालून गेले. १८५७ चा उठाव होऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा सरकारच्या पोटात गोळा आला नसता तरच नवल. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅविएलनं कंत्राट सोडलं.

आणि १८६० मध्ये कायदा आला. मालक आणि कामगार यांच्यातल्या वादांचा कायदा, रेल्वे आणि तसल्या मोठ्या बांधकामांसाठी. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त थांबवून ठेवलं ते या कायद्यानं. त्यात मजुराची एक सोय होती, थकलेल्या मजुरीचा वाद मॅजिस्ट्रेटपुढे झटपट निकाली काढता येणार होता. पण त्याच कायद्यात दुसरी बाजू होती. कबूल केलेलं काम मजुरानं सोडलं तर तो गुन्हा, त्याला तुरुंगवाससुद्धा. मालकानं पैसे बुडवले तर पैसे वसूल करायचे, मजुरानं काम टाकलं तर माणूस आत टाकायचा. आज आपण नोकरी बदलताना फार तर नोटीस पिरियडवरून कटकट करतो. कॉलरा पसरलेल्या छावणीतून जीव वाचवायला पळालेला माणूस कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू शकत होता, हे वाचल्यावर मी ते पान परत वाचलं.

फॅविएल गेल्यावर काही महिने कंपनीनं स्वतः काम रेटलं. मग नवा कंत्राटदार आला, सॉलोमन ट्रेडवेल. इंग्लंडहून बायकोसह आला आणि मुंबईत उतरल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आजारानं वारला. आता इथे गोष्ट संपायला हवी होती. परक्या देशात, नवरा नुकताच गेलेला, समोर अर्धवट फोडलेला डोंगर. त्या काळची कुठलीही बाई पहिल्या बोटीनं परत गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. अॅलिस ट्रेडवेलनं कंत्राट स्वतःकडे घेतलं. प्रत्यक्ष कामावर अॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम पुरं करून दाखवलं. ४२,००० माणसांचा तो आकडा तिच्याच काळातला आहे. शिवाय तिनं घाटातल्या कामाची छायाचित्रंही काढली, तेही फोटोग्राफी म्हणजे काचा आणि रसायनं घेऊन फिरायचं प्रकरण होतं तेव्हा. मुंबई-पुण्याच्या मधला एवढा मोठा प्रकल्प एका बाईच्या कंत्राटावर पूर्ण झाला हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण अॅलिसचं कौतुक करतानाही वरचा कायदा विसरता येत नाही. तिचं काम वेळेत झालं त्यात तिची हुशारी होती, चांगले इंजिनिअर होते, आणि काम सोडून जाऊ न देणारा कायदाही होता. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

मंकी हिल. नावाप्रमाणे माकडं, आणि इंग्रजांच्या नामकरणाच्या कल्पनाशक्तीचा नमुना. मंकी हिल ते खंडाळा या पट्ट्यात घाटाची सगळ्यात गमतीशीर जागा होती, रिव्हर्सिंग स्टेशन. बर्कलीला चढ तर हवा होता, पण सरळ वळवून वर न्यायला डोंगरात जागा नव्हती. म्हणून गाडी एका टोकापर्यंत चढत यायची, तिथे इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेला पुढचा चढ चढायची. डोंगराच्या अंगावर काढलेलं इंग्रजी 'व्ही' अक्षर म्हणा ना. शेवटचा डबा पहिला व्हायचा.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं. सव्वासात वर्षं लागली. समारंभाला फॅविएल कंत्राटदार म्हणून नव्हता, सॉलोमन ट्रेडवेल नव्हता आणि खुद्द बर्कलीही नव्हता. तब्येत खालावल्यानं तो इंग्लंडला परतला होता आणि १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीच वारला. आखणारा, सुरू करणारा, निम्म्यावर हाती घेणारा, कुणीच पहिल्या गाडीत नाही.

आणि सगळं काम उत्तम झालं होतं असंही नाही. उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली आणि १८६७ च्या पावसाळ्यात 'माहू की माली' हा दरीवरचा मोठा पूल कोसळला. सह्याद्रीच्या पावसानं टेस्टिंग केलं असं म्हणू. पूल पुन्हा बांधला.

रिव्हर्सिंग स्टेशन ६६ वर्षं चाललं. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग थोडा वळवला आणि ते बंद झालं. त्याच सुमारास घाटात वीज आली. मालगाड्या ओढायला आलेल्या विजेच्या इंजिनांना लोकांनी नाव ठेवलं 'खेकडा', त्यांची चालच तशी होती. आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली. इंजिनाची दिशा बदलायची कटकट गेली, धूर गेला, वेळ वाचला. चढ मात्र तिथेच राहिला.

खंडाळ्याला थोड्याच गाड्या थांबतात, पण १८५८ ते १८६३ या काळात पुण्याची गाडी इथून सुटायची हे लक्षात ठेवून त्या छोट्या स्टेशनाकडे बघा. मग लोणावळा. इथे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आलेलो असतो. चढून आलेल्या गाडीचे बँकर इथे सुटतात.

उतरताना एक वेगळीच गोष्ट बघायला मिळते. गाडी घाटात मध्येच, स्टेशन नसताना थांबते. लोक वैतागतात. तिथे 'कॅच साइडिंग' असतं, मुख्य मार्गातून फुटून डोंगरावर चढत जाणारा, पुढे कुठेही न जाणारा रूळ. सांधा नेहमी त्या रुळाकडेच वळवून ठेवलेला असतो. ड्रायव्हरनं आधी गाडी थांबवून दाखवायची, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री, मगच सांधा फिरतो आणि खाली जायची वाट मिळते. ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी. सगळं बिनसलंय असं गृहीत धरायचं आणि नीट असल्याचा पुरावा मिळाला तरच पुढे सोडायचं. असलं डिझाइन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी क्वचितच पाहिलंय.

एकास सदतीसला पहिल्यांदा थोडं उत्तर मिळालं ते अलीकडे. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला बँकर लागत नाहीत, कारण निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. म्हणजे पकड फक्त इंजिनाच्या चाकांवर अवलंबून नाही, डब्यांचं वजनच कामाला येतं. बाकीच्या बहुतेक गाड्यांना बँकर लागतातच, तेव्हा कर्जतच्या वड्याला तूर्त धोका नाही.

पण जो घाट आपण पाऊण तासात, फोन गेल्याबद्दल कुरकुरत पार करतो, त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांचं काय? फॅविएल, बर्कली, ट्रेडवेल, फ्रिअर ही नावं मला घरबसल्या सापडली. सुरुंग लावणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला सापडलं नाही, आणि ते त्यांनी जागा नीट केली नाही म्हणून नव्हे. जुने बोगदे आजही उभे आहेत. कातळावर हातानं मारलेल्या पहारेच्या खुणा, गाडी हळू असेल आणि ऊन तिरकं असेल तर, दारातून दिसतात. दरीकडचं दार सगळ्यांनीच अडवलेलं असतं. एकदा डोंगराकडच्या दाराशी उभे राहून बघा. तिथे गर्दी नसते.